समोरच्याचं डावं

वसंतरावांना ‘हे बघा’ म्हणायची खोड होती. वर्गात तर होतीच, घरातही होती. ताटात मीठ कमी पडलं तरी ‘हे बघा, इथं जरा’ एवढंच म्हणायचे आणि बोट दाखवायचे. ते बोट मिठाकडं आहे की लोणच्याकडं, हे सौदामिनीबाईंनी ओळखायचं. लग्न झाल्यापासून त्यांनी त्या बोटाच्या रोखानंच संसार केला.

नांदेडच्या शाळेतली नोकरी सोडून वसंतराव लातूरला आले, तेव्हा तिथं क्लासचं नुसतं पेव फुटलं होतं. त्या वर्षांतलं लातूर आठवलं की सौदामिनीबाईंना आजही आधी सायकलींच्या घंट्या ऐकू येतात. तांबडं फुटायच्या आत सुरू व्हायच्या. जळकोटची, बिलोलीची, पार किनवटची पोरं पाठीला दप्तर आणि ओठांवर पाठांतर घेऊन निघालेली असायची. भूकंपाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. औशाच्या पलीकडची कितीतरी माणसं अजून नव्या, एकसारख्या घरांच्या रांगांमध्ये आपलं दार कोणतं हे चाचपडत होती, आणि इकडं शहरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. मोडलेलं आणि वाढणारं असं दोन्ही एकाच जिल्ह्यात, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

औसा रोडला पहिल्या मजल्यावर वसंतरावांचा क्लास, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड, आणि खाली मलप्पाची खानावळ. वर जीवशास्त्र आणि खाली ज्वारीची भाकरी, दोन्हींना गर्दी सारखीच. वसंतराव रंगीत खडूंनी फळ्यावर हृदय काढायला लागले की पोरं लिहायचं सोडून बघत राहायची. हात सुरेख होता त्यांचा. सौदामिनीबाई मागच्या खोलीत ब्लाउज शिवत असायच्या आणि मशीन थांबवून ऐकायच्या. नवऱ्याचा अभिमान त्यांना होता, फक्त तो त्याच्या तोंडावर सांगायची पद्धत त्या घरात नव्हती.

एकदा दही आणायला त्या खाली उतरल्या, तर स्वयंपाकघरातून वसंतरावांचाच धडा ऐकू आला. आवाज मात्र पोरीचा.

“हे बघा. हे हृदय. रक्त इकडून येतं, इथं थांबतं, आन् असं तिकडं जातं. कळालं का?”

भाकऱ्या थापणाऱ्या दोन्ही बाया मान डोलवत होत्या. पोरगी मेथी निवडत बसली होती. पंधरा-सोळा वर्षांची, घट्ट वेणी घातलेली, आणि मान जराशी वर धरलेली. वसंतरावांची ‘कळालं का’ची सगळी ऐट तिनं उचलली होती. सौदामिनीबाईंना हसू आवरेना.

“इकडून म्हणजे कुठून गं?” त्यांनी विचारलं.

पोरीनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. “तेच तर इचारायचं व्हतं काकू. सर सांगतच न्हाईत.”

तेव्हा कुठं सौदामिनीबाईंच्या लक्षात आलं, की पोरीला दिसत नाही.

ती सिंधू, मलप्पाच्या बहिणीची मुलगी. लहानपणी गोवरात डोळे गेले. अंधांच्या निवासी शाळेत सातवीपर्यंत शिकली, ठिपक्यांची लिपी तिला पाण्यासारखी यायची. पुढं मामाकडं राहून जवळच्या साध्या शाळेत जायला लागली आणि आता दहावीत होती. संध्याकाळी मामीच्या हाताखाली बसायची, आणि खिडकीतून वरचा सगळा क्लास तिच्या कानावर पडायचा. एक शब्द सांडलेला नव्हता. फक्त त्या शब्दांच्या मधोमध ‘इकडून’, ‘तिकडं’, ‘असं’ अशी भोकं होती, आणि ती तिनं तशीच जपून पाठ केली होती.

पुढच्या बाजारच्या दिवशी तिचे वडील रामलिंग आले, तेव्हा राहिलेलं कळलं. ते शेतकरी माणूस, बोलताना जमिनीकडं बघायचे.

“गणपतीच्या सुट्टीला ही घरी आलती. भूकंपात घर पडलं तवा दिवा न्हाई, काय न्हाई,” ते म्हणाले. “नुसता धुराळा. डोळे असणारे समदे आम्ही गडबडलो. हिला काय, रोजचीच वाट. हिनं धाकट्याला आन् मला हाताला धरून भाईर काढलं. हिची आई मातूर तुळईखाली सापडली. खुबा मोडला.”

छावणीत एक बाई यायच्या आणि आईच्या पायाला व्यायाम द्यायच्या. त्या गेल्यावर शाळेचं एक वर्ष बुडवून तो व्यायाम सिंधूनं चालवला. पाय कुठं अडतो, कुठं दुखतो, ते तिच्या हातांना कळायचं. वर्षभरानं आई काठी टेकत विहिरीपर्यंत गेली. तेव्हापासून सिंधूनं मनाशी पक्कं केलं होतं, की आपण हेच शिकायचं, फिजिओथेरपी. अंध मुलांना मुंबईला शिकवतात म्हणे, असं तिनं कुठूनतरी काढलं होतं. पण त्यासाठी दहावीला विज्ञान हवं, आणि शाळेचे मुख्याध्यापक श्रीमंत सर तिचं विज्ञान सोडवायच्या बेतात होते. बोर्डाकडं अर्ज केला की आकृत्या नसलेला दुसरा विषय मिळत होता. दिवाळीआधी अर्ज जायचा होता.

श्रीमंत सर वाईट असते तर भांडता आलं असतं. पण ते मनापासून म्हणायचे, “पोरीला उगं कशाला छळायचं? अर्धा पेपर आकृत्यांचा. ती काय करणार?” शेवटी मलप्पानं फारच गळ घातली तेव्हा ते एवढ्यावर आले, की दिवाळीच्या सुट्टीआधी मी स्वतः तिला एक आकृती विचारीन. नीट समजावून सांगितली तर अर्ज फाडीन, नाहीतर पाठवीन.

सौदामिनीबाईंनी ही गोष्ट जेवताना काढली. वसंतराव म्हणाले, “जीवशास्त्र हे बघायचं शास्त्र आहे. न बघता कसं शिकणार?”

“ती खाली बसून शिकलीच आहे की. तुमच्या ‘इथं’ आणि ‘असं’नं तेवढी अडलीय.”

“मग काय म्हणू? हे बघा, चटणी जरा...” त्यांनी बोट दाखवलं.

सौदामिनीबाई जागच्या हलल्या नाहीत. “कुठाय?”

“इथं की.”

“इथं म्हणजे कुठं?”

वसंतरावांनी ताटाभोवती नजर फिरवली. मग म्हणाले, “पाण्याच्या तांब्याच्या उजवीकडं, लोणच्याच्या बरणीमागं.” आणि चटणी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून सिंधू क्लासमध्ये खिडकीजवळ बसायला लागली, आणि सौदामिनीबाई मागं दारात. हातात कात्री. मास्तर ‘इथं’ म्हणाले की कात्री दारावर ठक्कन वाजायची. पोरं फिदीफिदी हसायची, वसंतराव लालेलाल व्हायचे, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. ‘शरीराकडून आलेलं अशुद्ध रक्त वरच्या उजव्या कप्प्यात येतं, त्याला उजवं अलिंद म्हणायचं.’ पहिले काही दिवस धडा मुंगीच्या पावलानं सरकला. मग मागच्या बाकावरची किनवटची पोरं सांगायला लागली, की सर, फळा आम्हालाबी कधी नीट दिसत नव्हता, आता कळून राहिलं.

पण आकृतीचं काय? नुसत्या बोलण्यानं आकार हाताला लागत नव्हता.

ते कोडं सुटलं मशीनपाशी. सौदामिनीबाईंकडं एक दातेरी चाक होतं, लाकडी मुठीचं, शिंप्यांकडं असतं तसं. कापडाची घडी घालायची, वर कागदी नमुना ठेवायचा, रेघेवरून चाक फिरवायचं, म्हणजे घडीच्या दोन्ही पदरांवर बारीक टोचे उमटतात आणि डावी-उजवी बाजू एकदमच निघते. सिंधू शेजारी बसून गळ्याच्या पट्ट्या उलगडत होती. तिच्या हाताखाली चाक फिरवलेला एक जुना कागद आला. तिनं त्यावरून बोटं फिरवली, परत फिरवली, आणि विचारलं, “काकू, ह्याच्यावर काय लिव्हलंय?”

“लिहिलं काही नाही. बाही आहे ती.”

“बाही,” सिंधू म्हणाली, आणि बोटानं ती बाही खांद्यापासून मनगटापर्यंत अचूक फिरून आली.

सौदामिनीबाई उठल्या त्या थेट नवऱ्याचं पुस्तक घेऊन आल्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद खाली, त्याखाली घोंगडी, वर पातळ कागदावर उतरवून घेतलेली आकृती, आणि त्यावर चाक. कागद उलटला की मागच्या बाजूनं ठिपक्यांची रेघ वर आलेली. पहिल्यांदा अमीबा काढला. मग मूळ, फूल, डोळा. जिथं भिंत जाड दाखवायची तिथं त्या दोरा चिकटवायच्या. सगळ्यात शेवटी हृदय. ते काढायला त्यांना पैठणीच्या ब्लाउजइतका वेळ लागला. वसंतराव प्रत्येक आकृती डोळ्यांनी तपासायचे, वरच्या बाजूनं, जिथं पेनानं काढलेलं दिसायचं. मान हलवायचे आणि ‘छान’ म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोच्या कामाला छान म्हटल्याचं सौदामिनीबाईंना आठवत नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा पुरणपोळी केली.

ते दिवस सगळ्यात चांगले होते. दुपारी मशीनशेजारी सिंधू कागदावर वाकलेली, खालून फोडणीचा वास, बाहेर कुठंतरी पाण्याच्या टँकरसाठी भांडणं. सिंधू बोटानं रक्ताच्या वाटेनं जायची आणि तोंडानं सांगत राहायची. जाड भिंतीपाशी थांबायची. “हे डावं निलय, खालचा कप्पा. ह्याला समद्या अंगाला रक्त ढकलायचं हाय, म्हणून भिताड जाड. हाव ना काकू?” सौदामिनीबाईंना निम्मं नवंच असायचं. पण त्याही ‘हाव’ म्हणायच्या, आणि संध्याकाळी हळूच नवऱ्याला विचारून घ्यायच्या.

दिवाळीच्या तोंडावर सगळे श्रीमंत सरांच्या खोलीत जमले. सिंधू, मलप्पा, गावाहून आलेले रामलिंग, वसंतराव आणि सौदामिनीबाई. टेबलावर अर्ज भरून तयार होता, सही तेवढी राहिली होती. सरांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, “हृदय सांग.”

सिंधूनं आपला कागद टेबलावर ठेवला आणि सुरुवात केली. सांगणं इतकं स्वच्छ, की शिपाईसुद्धा दारात थांबला. रामलिंग पहिल्यांदाच मान वर करून बघत होते.

“आन् हे डावं निलय,” सिंधू म्हणाली. बोट कागदाच्या डाव्या बाजूला, दोऱ्यावर होतं.

श्रीमंत सरांनी पुस्तकात बघितलं, कागदावर बघितलं, आणि चष्मा काढला. “चुकलं बाळ. डावं निलय आकृतीत उजव्या बाजूला असतं.”

“डावं उजव्या बाजूला कसं असल सर?”

“असतंच. आकृतीत तसंच असतं. हे माझ्या पुस्तकात, हे...” ते थांबले. कुणाला दाखवणार?

वसंतरावांनी पुढं होऊन पुस्तक आणि कागद शेजारी ठेवले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटून त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला. “सगळं उलटं आलंय,” ते म्हणाले. “आरशातल्यासारखं.”

चाक सौदामिनीबाईंचंच, आणि सवयही त्यांचीच. ब्लाउजला दोन्ही बाजू एकदम निघतात, डावं काय न् उजवं काय, उलट्या बाजूनं खूण केली तरी अंगावर सुलटच बसतं. अमीबाला डावं-उजवं नसतं. हृदयाला असतं, आणि कागद उलटला की ते फिरतं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. “सर, चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “पोरीला मीच उलटं दिलं. तिचं काही चुकलेलं नाही.” आपल्या हातून एका पोरीचा जन्म वाया चालला, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

श्रीमंत सरांनी पेन उचललं. “वाईट मलाही वाटतं हो. पण परीक्षेत हेच होणार.”

“सर,” सिंधू म्हणाली, “पण पुस्तकात डावं उजवीकडं का काढत्यात?”

श्रीमंत सरांनी वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं होतं. वसंतरावांच्या क्लासमध्ये शेकडो पोरांनी ती आकृती घोकली होती, उजवीकडं डावं असं लिहून पैकीच्या पैकी गुण आणले होते. पण ‘का’ असं कुणी विचारलं नव्हतं. उत्तर वसंतरावांनी दिलं, एकेक शब्द जोखून.

“कारण चित्र काढणारा माणूस दुसऱ्या माणसाकडं बघून काढतो. तो दुसरा त्याच्याकडं तोंड करून असतो. त्यामुळं समोरच्याचं डावं, काढणाऱ्याच्या उजव्या हाताला येतं.”

“म्हंजे ते समोरच्याचं काळीज हाय व्हय,” सिंधू म्हणाली. तिनं कागद उचलला आणि आपल्या छातीवर धरला. “मला वाटलं, माझं हाय.”

सौदामिनीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. सिंधूनं कागद खाली ठेवला आणि हात पुढं केला. “काकू, माझ्याकडं तोंड करून उभ्या ऱ्हावा.” त्या उभ्या राहिल्या. सिंधूनं चाचपत त्यांच्या डाव्या खांद्यावरची पदराची पिन शोधली आणि तिच्याखाली आपला उजवा तळहात टेकवला. “आता काकू समोरच्या. ह्यांचं डावं निलय माझ्या उजव्या हाताखाली. पुस्तकात असंल तसंच. आता विचारा सर, कुठलंबी.”

सरांनी विचारलं. झडपा विचारल्या, महाधमनी विचारली, फुप्फुसाकडं जाणारं रक्त विचारलं. सिंधूनं प्रत्येक गोष्ट आधी आपल्या अंगावर आणि मग काकूंच्या अंगावर सांगितली. कुठंही अडली नाही. शेवटी श्रीमंत सर उठले, पुस्तक आपल्याच छातीशी धरून खिडकीच्या काचेत बघून आले, आणि परत येऊन त्यांनी अर्ज उभा फाडला. रामलिंग खाली बघत म्हणाले, “मी सांगितलं व्हतं, हिला वाट ठावी असती.”

घरी आल्यावर सौदामिनीबाईंनी सगळ्या आकृत्या पुन्हा काढल्या, या वेळी आधी पातळ कागद पालथा घालून. जुन्या आकृत्या चुलीत घालायला निघाल्या, तर सिंधूनं हृदयाचा कागद मागून घेतला. तो माझा हाय, म्हणाली.

पुढं सिंधू मुंबईला गेली, शिकली, आणि लातूरला परत येऊन तिनं फिजिओथेरपीचं आपलं काम सुरू केलं. वसंतराव थकले तसा क्लास बंद झाला आणि दोघं नांदेडला परतले. दिवाळीला सिंधूचा फोन यायचा. मग एका वर्षी वसंतरावांच्या छातीत कळ आली.

नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या दवाखान्यात दुपारची वेळ होती, वसंतराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. मुलगा आलोक पुण्याहून निघाला होता, अजून वाटेत होता. तरुण डॉक्टरांनी कागदावर भराभर चित्र काढलं. “हे बघा काकू, इथं ब्लॉक आहे. इथून असं आत जायचं आणि इथं हे बसवायचं. इथं सही करा.” सौदामिनीबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आणि दुसऱ्यात पाणी. कागदावर त्यांना निळा गुंता दिसत होता. त्यांनी पर्समधून फोन काढला, सिंधूला लावला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टर गोंधळले, पण त्यांनी तिला सगळं सांगितलं. मग फोन परत आला.

“काकू, घाबरू नका,” सिंधू म्हणाली. “सरांच्या समोर बसा. त्यांचं तोंड तुमच्याकडं हाय ना? आता तुमचा उजवा हात उचला. समोरच्याचं डावं तुमच्या उजव्या हाताला. त्यांच्या छातीवर ठिवा, मधल्या हाडाच्या जरा बाजूला. लागलं?”

“लागलं.”

“त्याच्याखाली डावं निलय. जाड भिताड, तुम्ही दोरा चिकटवला होता ते. त्या भिताडाला रक्त देणारी बारकी नळी काळजाच्या अंगावरनं खाली उतरती. ती वरच्या टोकाला बुजत आलीय. मनगटातनं एक तार नेऊन ती उघडत्याल, आन् परत मिटू नये म्हणून आत जाळीचं नळकांडं बसवत्याल. तुमच्या करंगळीच्या नखाएवढं बारीक. बाकी काळीज चांगलं हाय. मी पहाटेच्या गाडीनं येऊन राहिले.”

फोनचा आवाज मोठा होता, वसंतरावांना सगळं ऐकू गेलं होतं. ते डोळे मिटूनच म्हणाले, “एकदाही ‘इथं’ म्हणाली नाही पोरगी.”

सौदामिनीबाईंनी हात तसाच ठेवला. तळहाताखाली ते जाड भिताड अजून रक्त ढकलत होतं. डाव्या हातानं त्यांनी पेन घेतलं, आणि डॉक्टरांना विचारलं, “सही कुठं करायची ते नीट सांगा. वरून कितव्या ओळीवर?”